क्लच दाबूनही न थांबलेला ट्रॅक्टर

दिनांक १४ नोव्हेंबर १९६४, शनिवार, सकाळी साडेदहा.

मी उपेंद्रराव विठोजीराव बांदल, वय ५२ वर्षे, धंदा लेथ व वेल्डिंगचे वर्कशॉप, राहणार शिवाजीनगर, बेंगळूर. समक्ष हजर राहून जबाब देतो की, मला कोणी बोलावलेले नाही, मी आपण होऊन आलो आहे. माझे कन्नड धंद्यापुरते चांगले आहे, पण ही हकीकत मला घरच्या भाषेत सांगायची आहे. म्हणून हेडकॉन्स्टेबल हयवदनराव ती मराठीत लिहून घेत आहेत. कन्नड नक्कल ते करतील.

बेळ्ळंदूर तळ्याच्या बाजूला पेरूची मोठी बाग आहे. तिचे मॅनेजर त्रिविक्रमराव. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांनी एक लहान ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे जोडायचे गवत कापायचे कटर माझ्याकडे आणले. कटर म्हणजे लोखंडी झाकणाखाली आडवी फिरणारी दोन जाड पाती. ट्रॅक्टरच्या मागून निघणारा शाफ्ट ती फिरवतो. ट्रॅक्टर एका ठिकाणचा, कटर दुसऱ्याच लिलावातले, दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिले ते माझ्या अंगणात. कटर पाच फुटी होते. ते उचलले की ट्रॅक्टरची पुढची चाके जमीन सोडतील, हे मी त्यांना करून दाखवले आणि परत पाठवले. त्यांनी चार फुटी आणले. तरीही मी पुढे वजने बांधली आणि शाफ्टवर पत्र्याचे आवरण बसवले.

मुख्य गोष्ट पुढे आहे, ती नीट लिहून घ्यावी. ह्या ट्रॅक्टरचा क्लच दाबला की इंजिन सुटते, पण पाती आणि चाके गिअरबॉक्समध्ये एकमेकांना जोडलेलीच राहतात. पाती जड, लगेच थांबत नाहीत. ती फिरत असेपर्यंत चाकांना पुढे ढकलतात. म्हणजे माणूस क्लच दाबून बसला आहे आणि गाडी चाललीच आहे. ह्यावर उपाय म्हणून मी माझ्या लेथवर एक कप्लिंग तयार केले आणि शाफ्टच्या तोंडाशी बसवले. त्याचे काम सायकलच्या फ्रीव्हीलसारखे. इंजिनाने पाती फिरवावीत, पात्यांनी ट्रॅक्टर ओढू नये. क्लच दाबला की पाती आपली आपण टिकटिक करत फिरतात आणि गाडी जागच्या जागी उभी राहते.

बागेचा ड्रायव्हर देवाप्पा, वय सुमारे तीस, खानापूरकडचा. त्याला बसवून मी दहा वेळा क्लच दाबायला लावला. शेवटी तो म्हणाला, "अण्णा, टिकटिक ऐकू आली म्हणजे गाडी माझ्या ताब्यात, असंच ना?" मी म्हटले, "सरी, बरोबर. तेवढं लक्षात ठेव."

सप्टेंबरात त्रिविक्रमराव वर्कशॉपात आले. गाडी भिंतीवरच्या घड्याळासारखी वाजते, मालकांच्या पाहुण्यांसमोर शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे. मी सांगितले की ती वाजते म्हणून माणसे शाबूत आहेत. त्यांना ते पटले नाही, हे चेहऱ्यावरून कळत होते. मी चहा मागवला आणि विषय तिथेच संपला असे समजलो.

परवा १२ तारखेला, गुरुवारी, सकाळी नऊच्या सुमारास देवाप्पा गवत कापत पाटाच्या कडेला आला. पुढे बागेतली मजूर तानूबाई कापलेले गवत गोळा करत होती. देवाप्पाने क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबले. गाडी थांबली नाही, आणखी सात-आठ फूट गेली. पुढचे चाक आणि पाटाचा दगड ह्यांच्या मध्ये तानूबाईचा उजवा पाय सापडला. काल मी तिला इस्पितळात भेटलो. डॉक्टर पायाबद्दल अजून काही बोलत नाहीत. ती म्हणाली, "मी सरकणारच होते. पर त्यानं पाय दाबलेला दिसला. म्हटलं, आता थांबतीया. तीन महिनं थांबत हुतीच की."

काल सकाळी हे मी ठाण्यात सांगितले तेव्हा त्रिविक्रमरावही इथेच होते. ते म्हणाले, "क्लच दाबून गाडी पुढे जाते? भूत ढकलत होतं काय?" दोघे-तिघे हसले. ह्यात हसण्यासारखे काही नाही. देवाप्पा पिऊन होता असा अर्ज त्रिविक्रमरावांनी दिला आहे आणि देवाप्पा गुरुवारपासून आत आहे. तो माळकरी आहे, हे बागेतल्या कोणालाही विचारावे. मग मी अंगणातली हवालदारांची सायकल उलटी उभी केली आणि मागचे चाक हाताने फिरवले. चाक फिरले, पायडल जागेवर राहिले, टिकटिक सगळ्यांनी ऐकली. हे फ्रीव्हील काढले तर चाक पायडलला ओढत नेईल, हे सब-इन्स्पेक्टर साहेबांनी स्वतःच बोलून दाखवले. त्यानंतर कोणी हसले नाही.

काल दुपारी कॉन्स्टेबलसह बागेत जाऊन मी ट्रॅक्टर पाहिला. माझे कप्लिंग जागेवर नाही, शाफ्ट थेट जोडलेला आहे. कप्लिंग स्टोअरच्या कपाटात मिळाले, तेल लावून कागदात गुंडाळलेले. त्रिविक्रमराव आता म्हणतात की देवाप्पानेच ते १० तारखेला काढून आणून दिले.

देवाप्पा सांगतो ते असे. दिवाळीसाठी तो २ तारखेला गावी गेला आणि ९ तारखेला सकाळी आला. तीन दिवस त्याने ट्रॅक्टरने नुसती ट्रॉली ओढली, कटर लावले ते गुरुवारीच. पहिल्या वळणावर टिकटिक आली नाही, म्हणून तो उतरून त्रिविक्रमरावांना विचारायला गेला. त्यांनी सांगितले की उपेंद्ररावांनी येऊन आवाज बंद करून दिला आहे, तू काम कर. मी आलो नव्हतो. ऑगस्टनंतर काल पहिल्यांदा मी त्या बागेत पाय ठेवला. ज्या माणसाने माझे नाव घेऊन ड्रायव्हरला त्या गाडीवर बसवले, आणि काल संध्याकाळी तोच माणूस माझ्या वर्कशॉपात टाइप केलेला कागद घेऊन आला. त्यात लिहिले आहे की, कप्लिंग ही सोयीची वस्तू असून तिच्यावाचून ट्रॅक्टर चालवण्यास हरकत नाही. सही कर, नाहीतर फिटिंगच खराब होते असे लिहून देऊ, असे तो म्हणाला. सही केलेली नाही. कागद सोबत जोडत आहे.

कप्लिंग १० तारखेला निघाले हे खोटे कशावरून, असे विचारल्यावरून सांगतो की, ७ तारखेला, शनिवारी, मी सर्जापूरला मेव्हण्याकडे फराळाला जात होतो. बागेच्या फाटकासमोर बस थांबली. आत कटर चालू होते. सीटवर त्रिविक्रमरावांचा पुतण्या नरसिंह होता. देवाप्पा त्या दिवशी खानापूरला होता. नरसिंहाने वेग कमी केला, तेव्हा इंजिनाचा आणि पात्यांचा आवाज एकाच सुरात खाली आला. टिकटिक आली नाही. माझे शिक्षण मिलिटरी वर्कशॉपात फडकी धुता धुता, कानांनी झाले आहे. त्यांची ह्यात चूक होत नाही. कप्लिंग काढले आहे, हे मला बसमध्येच कळले.

मी उतरलो नाही. सोमवारी निरोप पाठवू असे ठरवले. सोमवारी एक पंप दुरुस्तीला आला, मंगळवारी दुसरा. निरोप पाठवला नाही. गुरुवारपर्यंत पाच दिवस होते.

हे लिहिले तर तुमच्यावरही येईल, नुसती तारीख ठेवू, असे सब-इन्स्पेक्टर साहेबांनी मला समजावून सांगितले. त्यांचा हेतू चांगला आहे. पण मला कसे कळले ते गाळले, तर तारखेवर कोण विश्वास ठेवील? त्या तारखेवर देवाप्पाची सुटका आहे. तेव्हा सगळे ठेवावे. देवाप्पाला आज सोडावे. त्याच्या जागी स्वल्प वेळ कोणाला तरी बसवायलाच हवे असेल तर मी दुपारचा डबा घेऊनच आलो आहे.

हा जबाब हयवदनरावांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे. ७ तारखेचा मजकूर मी दोनदा वाचून घेतला आणि त्याच्याखाली वेगळी सही केली आहे.

उपेंद्रराव विठोजीराव बांदल