टेकूच्या आईची सही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले समितीचे मान्यवर सदस्य, आमच्या बालगृहाच्या अधीक्षिका मॅडम, दवाखान्यात पेशंट ताटकळत असूनही आवर्जून आलेले हाडांचे मोठे डॉक्टर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या सिस्टर, माझे सहकारी, आणि पहिल्या रांगेत चुळबुळ करत बसलेल्या माझ्या बाळगोपाळांनो,

मी या बालगृहाच्या गाडीचा चालक. अशा समारंभांतली भाषणं मी आजवर बाहेर गाडीत बसून कर्ण्यावर ऐकली. त्यामुळे सुरुवात कशी करायची ते मला पाठ आहे. मधल्या भागात मात्र मला हमखास डुलकी लागायची, म्हणून मधलं काय बोलतात ते ठाऊक नाही. तेव्हा मी आपलं जे घडलं तेच सांगतो. आणि हो, बोलताना मी जरा इकडेतिकडे करीन. मॅडम, माईक हलला तर रागावू नका. बसून गाडी चालवणं वेगळं आणि उभं राहून बोलणं वेगळं. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

मंडळी, तुमच्या घरी पोराचा कान दुखला तर तुम्ही काय करता? उचलता आणि डॉक्टरकडे नेता. हो ना? आमच्याकडची मुलं सरकारच्या ताब्यात. त्यांचा कान दुखला तर आधी तारीख, मग परवानगी, मग गाडी, मग सोबत जायला माणूस. आणि भूल द्यायची म्हटली की सही कुणाची, हा प्रश्न. या सगळ्याची मोट बांधायचं काम आमच्या सिस्टरांचं. गाडीत पुढे मी आणि मागे पोराला मांडीशी घेऊन सिस्टर, अशी आमची निम्मी नोकरी गेली.

मला टेकूबद्दल बोलायचं आहे. तिचं खरं नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल. आमच्याकडे आली तेव्हा लहान होती, अंगाने काडी. चार पावलं चालली की भिंतीला टेकायची, म्हणून पोरांनी नाव ठेवलं टेकू. तिला राग नव्हता त्याचा. हाक मारली की तीही भिंतीला टेकूनच ओ द्यायची. तिच्या पाठीचा कणा वाकत चालला होता. डॉक्टरसाहेब इथे बसलेत, चुकलं तर दुरुस्त करतील. त्यांनी तेव्हा सांगितलं होतं, की कणा असाच वाकत राहिला तर आतली फुप्फुसं दबतील आणि मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही. म्हणजे थांबायला वेळ नव्हता.

टेकूचे वडील नव्हते. आई एका लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची. कामावर जाताना पोरीला खोलीत कोंडून जायची, कारण बघायला दुसरं कुणी नव्हतं. शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि पोरगी आमच्याकडे आली. पण आईचा हक्क काही संपलेला नव्हता. ऑपरेशनला तिची संमती लागणार होती. तिला बोलावलं, तर ती ऑफिसात आली, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सही करणार नाही."

मॅडम म्हणाल्या, मुलांबद्दलचे हुकूम समितीच काढते, तर आईऐवजी तिच्याकडूनच परवानगी घेऊ. तोही रस्ता होता, आणि मला विचाराल तर तोच जवळचा होता. सिस्टर म्हणाल्या, "मला एकदा तिच्याकडे जाऊन येऊ द्या."

मी घेऊन गेलो. लॉन्ड्रीच्या मागच्या बाजूला वाफेने भरलेली खोली, छपरापर्यंत चादरींच्या थप्प्या. ती बाई इस्त्री खाली ठेवेना.

"मागे पण एक सही घेतली होती," ती म्हणाली. "थोड्या दिवसांसाठी ठेवतो म्हणाले. झाले का ते थोडे दिवस?"

सिस्टर म्हणाल्या, "नाही झाले."

"मग आता या सहीनंतर काय नेणार?"

सिस्टरांनी पर्समधला कागद काढलाच नाही. शेजारी उभं राहून तिच्याबरोबर चादरींच्या घड्या घालायला लागल्या आणि घड्या घालता घालता सगळं सांगितलं. पाठीत कुठे कापतील, कण्याला धातूची पट्टी कशी बसवतील, किती दुखेल. शेवटी म्हणाल्या, "पायातली ताकद जाण्याचीही भीती असते. फार थोडी, पण असते."

मी दारात कपाळाला हात लावला! बाहेर आल्यावर म्हटलं, "सिस्टर, आपल्याला सही हवी होती ना?"

"हवी आहे, दादा. पण उद्या काही झालं, तर पुन्हा फसवलं असं तिने म्हणायला नको."

चौथ्या की पाचव्या फेरीला त्या माउलीने सही केली. अट एकच. म्हणाली, "पोरीला ऑपरेशनला आत नेताना आणि बाहेर आणताना मी तिथे पाहिजे." साधी अट वाटते ना? पण हुकूम असा होता, की आईने मुलीला भेटायचं ते फक्त बालगृहाच्या ऑफिसात, टेबलाच्या पलीकडून, कुणाच्या तरी देखरेखीखाली. सिस्टर समितीपुढे गेल्या. तिथे विचारलं गेलं, दवाखान्यातून आईने मुलीला पळवलं तर जबाबदार कोण? सिस्टर म्हणाल्या, "मी." परवानगी मिळाली.

ऑपरेशनचा दिवस उजाडला. टेकू उपाशीपोटी, हिरवा झगा घालून खाटेवर. आई येईना. डॉक्टरांचा माणूस दोनदा येऊन गेला. टेकू म्हणे, "आई आल्याशिवाय नाही." सिस्टर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होत्या आणि मी खाली गाडीपाशी. आणि मला दवाखान्याच्या फाटकाबाहेर कठड्यावर बसलेली ती बाई दिसली.

वॉचमनकडे जुना हुकूम होता. बालगृहाबाहेर आईला मुलीच्या भेटीस मनाई. नवा त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तो तरी काय करणार? त्याने तिला आत सोडलं नव्हतं. मी जवळ गेलो, तर ती उठून चालायला लागली. "मला माहीतच होतं," एवढंच म्हणाली. मी अक्षरशः रस्त्यात आडवा उभा राहिलो आणि सिस्टरांना फोन लावला. त्या धावत आल्या, काखेत फाइल, पायांत एकच चप्पल.

बाई म्हणाली, "माझी सही परत द्या."

आणि मंडळी, सिस्टरांनी फाइल उघडली, संमतीचा कागद काढला आणि तिच्या हातात ठेवला. आता काय? वरून निरोप आला, थिएटर दुसऱ्या पेशंटला दिलं. तारीख गेली, सहीही गेली.

सिस्टर म्हणाल्या, "कागद तुमच्याकडेच राहू दे. पण आज भेटायची परवानगी आहे. पोरगी सकाळपासून उपाशी आहे. वर येऊन दोन घास भरवून तर जा."

ती आली. टेकूला खाऊ घातलं, तोंड पुसलं. मग टेकू म्हणाली, चल, तुला खिडकीतून गाड्या दाखवते, आणि आईचं बोट धरून व्हरांड्यातून निघाली. चार पावलं चालली आणि भिंतीला टेकली. तोंड उघडं, ओठ निळसर, खांदा एका बाजूला झुकलेला. आम्हाला ते रोजचंच होतं. पण आईकडे बघून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, ऑफिसात आई येण्याआधीच आम्ही पोरीला खुर्चीत बसवून ठेवायचो! नियमच तसा. आमच्याकडे आल्यापासून त्या माउलीने स्वतःच्या लेकीला चालताना पाहिलंच नव्हतं.

ती पोरीचा श्वास ताळ्यावर येईपर्यंत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, वरून खाली, वरून खाली. मग मुठीतला कागद खिडकीच्या कट्ट्यावर सरळ केला. तो तिचाच सही केलेला कागद. सिस्टरांच्या हातात देऊन म्हणाली, "लवकरची तारीख घ्या, बाई."

डॉक्टरसाहेबांनी खरंच लवकरची दिली. या खेपेला सिस्टर आधी फाटकावर गेल्या आणि वॉचमनपुढे आईला उभी करून म्हणाल्या, "हा चेहरा नीट बघून ठेवा." आत नेताना आई होती, बाहेर आणलं तेव्हाही आईच होती. टेकूने पायाची बोटं हलवली तेव्हा आम्ही तिघंही रडलो. कोणी कोणाला हसायचं?

पुढे पाठीला पट्टा बांधावा लागायचा. तो बांधायला सिस्टरांनी आईलाच शिकवलं. त्यासाठी तिला वरचेवर येऊ द्यावं लागलं, आणि ती लेकीचं कसं करते ते समितीनेही पाहिलं. लॉन्ड्रीच्या मालकिणीने कामाच्या वेळा बदलून दिल्या, म्हणजे पोरीला कोंडून जायची वेळ नको. शेवटी टेकू घरी गेली.

आज तिला आमंत्रण होतं. ती आलेली नाही. तिने फोनवर सांगितलं, "काका, नव्या शाळेत कुणाला माहीत नाही मी तिथे होते. नको ना." मी बिचकतच सिस्टरांना सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला, की काय सांगू! म्हणाल्या, "आपल्याला विसरायला लागली ना, आता खरी बरी झाली."

अध्यक्ष महोदय, मला खुणा होताहेत, आवरतो. फक्त जीव का थाऱ्यावर नाही, तेवढं सांगतो. उद्या सकाळी आमच्या एका छोट्याची डोळ्यांच्या दवाखान्यातली तारीख आहे. फार खेटे घालून मिळालेली. सिस्टरांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. येताना गाडीत मी म्हटलं, "सिस्टर, उद्यापुरतं येता?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नाही दादा. मी येत राहिले तर ती जागा कोणी भरणार नाही." आणि मग सबंध रस्ताभर त्या छोट्याच्या थेंबांबद्दल सांगत होत्या.

सिस्टर, माझ्याकडे डोळे वटारून बघू नका. मी तुम्हाला विचारतच नाही आहे. तुम्ही आता आराम करा, नातवंडांना ओरडा, आम्हाला विसरा.

आपण सर्वांनी माझ्यासारख्याचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. वडीलधाऱ्यांपुढे काही अधिक-उणं बोललो असेन, तर पदरात घ्यावं. अध्यक्ष महोदय, फक्त एवढं सांगून मगच चहाला उठा. मी सकाळी गाडी फाटकाशी लावतो. छोटा तयार असेल. त्याच्याजवळ मागे कोण बसणार आहे?