चिठ्ठी नसलेला डबा

मोन्टानातल्या त्या दुकानात शिकारीच्या परवान्यासाठी रांग लागली होती. मेबलचे कान पुढच्या दोघांकडे होते. काखेत काडतुसांचा डबा धरून ऑर्विलची विधवा इडा, आणि तिच्याशेजारी तिचा दीर क्लेटन.

"ऑर्विलनं घरी भरलेली काडतुसं ना ही? मग डब्यावर चिठ्ठी कुठाय, इडा?"

"नाही लावलेली. त्याचा शेवटचा डबा आहे."

"बाकीच्यांवर आहे?"

"सगळ्यांवर. बंदुकीची दारू कुठली, किती भरली, तारीख. आणि खाली हळूच एक ओळ. 'आज रानहंस दक्षिणेला गेले.' 'इडा भांडी घासताना गुणगुणत होती.'"

"माझ्याबद्दल?"

"'क्लेटनने पुन्हा करवत नेली.'"

"असू दे. पण चिठ्ठी नसलेलं काडतूस उडवायचं नाही. दारू जास्त भरली असली तर बंदूक फुटेल. त्याचाच नियम आहे."

"ठाऊक आहे रे. पण त्याच्या हातची आहेत. एक तरी उडवावं वाटतं."

"त्यानं उडवू दिलं असतं?"

"डबाच हिसकावला असता माझ्या हातून."

"मग मोडून दारू काढून टाकू?"

"नको. पेन्सिल दे तुझी."

इडाने डब्यावर सावकाश लिहिलं. मेबलने तिच्या खांद्यावरून वाचलं.

"दारू माहीत नाही. उडवायची नाहीत, मोडायचीही नाहीत. आज पहिला बर्फ पडला. करवत अजून क्लेटनकडेच आहे."