शेततळ्याचा दोर

(अनसिंगजवळ जानरावांच्या शेततळ्याचा काठ. अंजना खुंट्याला दोर बांधते आहे. सोबत तिची नणंद, सुकेशनी.)

सुकेशनी : वहिनी, तू मांगं हो. पानी पाह्यलं का तुले चक्कर येते. मी बांधतो गाठ.

अंजना : येऊ दे चक्कर. बसूनच बांधून राह्यली ना मी.

सुकेशनी : तुहा अश्वजित आपल्या तळ्यात बुडला तवापासून तू विहिरीवरही नाई गेली. अन् आज एकदम शेततळं?

अंजना : घरी काय करतो? तेच दळन दळतो. त्या दिवशी लेकराले शेतात काहून धाडलं? मीच काहून नाई गेली? भाकरी टाकता टाकता तेच, निजली तरी तेच.

सुकेशनी : सोडून दे ना मंग. दादाही तेच म्हनते.

अंजना : सोडाचं भेव वाटते व. इचार सोडला तं माहं लेकरू अजून एकदा जाईन, असं वाटते.

सुकेशनी : मंग हे दोराचं कसं सुचलं?

अंजना : एक दिवस मनात दुसरंच आलं. त्याले तं पोवता येत होतं, मंग बुडला कसा? कोनाले न सांगता आपल्या तळ्यावर जाऊन पाह्यलं. काठाले अंथरलेल्या प्लास्टिकवर नुसतं शेवाळ. पायच ठरत नाई. पोवनाराही वर येऊ शकत नाई. साऱ्याइच्या तळ्याचं तेच.

जानराव : ओ बाई! माया तळ्याले काय बांधून राह्यल्या तुमी?

अंजना : दोर, जानरावभाऊ. कोनी पडलं तं धरून वर याले.

जानराव : मले इचारलं काय? अन् हा दोर मानूस तोलते काय?

अंजना : तेच पाह्याचं हाय. सुकेशनी, धर माही चप्पल.

सुकेशनी : वहिनी! तुले पोवता नाई येत!

अंजना : म्हनूनच मी उतरतो. पोवनारा उतरला तं दोराचं काय समजनार?

सुकेशनी : भाऊ, खुंटा धरा! गेली ना ते पान्यात! वहिनी, पाय घसरून राह्यले तुहे!

अंजना : घसरू दे. खुंटा हालला काय?

जानराव : नाई हालला. हात दे, बाई, वर ये.

अंजना : हात नोका देऊ. लेकरू पडते तवा काठावर कोन राह्यते? ...आली. आली पाहा.

सुकेशनी : ये, बस इथं. आता तं नाई ना येनार तो इचार?

अंजना : येईन. सांजच्याले चूल पेटवली का येतेच.

सुकेशनी : अन् तरी तू उतरली. आपल्या घरात एवढं काळीज कोनाचंच नाई, वहिनी.

अंजना : ओलं लुगडं पिळू लाग आधी.

जानराव : बाई, भाऊसिंगच्या तळ्यालेही दोर नाई. नातू खेळते त्याचे तिथं. थांबा, मी मोटरसायकल आनतो.