शिवराईचा पुरावा

लालबागच्या बसरांगेत रामदासच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. आजोबांच्या मुठीत एक तांब्याचं नाणं होतं, आणि ते घेऊन ते संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कचेरीत निघाले होते. रामदासने मान जरा लांब केली.

“चाळीमागं झेंड्याची काठी रोवायला खणलं, तर ही शिवराई! महाराजांचं नाणं आमच्या मातीत. मुंबई कुणाची, याला आणखी काय पुरावा हवा?”

“घरी का नाही दाखवलंत?” आजींनी विचारलं.

“चाळभर बोंब झाली असती. कड बघ कशी झिजलीय. घोड्यांच्या टापांखाली.”

“सासूबाईंनी पाट्यावर घासलीय ती.”

“कुणाच्या सासूबाईंनी?”

“माझ्या. तुमच्या आईनं. आपल्या मुकुंदाची बेंबी वर आली होती, तेव्हा त्याच्या पोटावर हीच बांधलेली. बोचू नये म्हणून घासली. पुढं आंघोळीच्या पाण्याबरोबर मोरीतून चाळीमागं गेली. किती बोलणी खाल्ली मी!”

“म्हणजे महाराजांची नव्हे?”

“महाराजांचीच. पण आपल्या डब्यातली.”

“चंपा, समितीत हे सांगायचं नाही हं.”

“नाही सांगत. पण मुकुंदाच्या लेकीचीही बेंबी वर आलीय. बांधायला घरात नाणं नाही. तुमचे ते नवे पैसे टिकलीएवढे!”

आजोबांनी मूठ उघडून नाण्याकडे पाहिलं. तेवढ्यात बस आली.

“आजोबा, चढताय ना?” रामदासने विचारलं.

“तुम्ही व्हा पुढं. मुंबई थांबेल महिनाभर. बेंबी आत जाऊ दे आधी.”