परवडणारं पिस्तूल

हसाल तुम्ही, पण गेल्या महिन्यात मी इथे अमेरिकेतल्या एका दुकानात पिस्तूल घ्यायला गेलो होतो. शेजारी घरफोडी झाली आणि हिची झोप उडाली. पेन्शनीत बसणारं पिस्तूल हलकं होतं, पण झटका जबर द्यायचं; माझ्या थरथरत्या हाताला झेपणारं महाग होतं. पीएचडी असून मला ठरवता येईना. "घरी विचारून सांगतो," म्हणून निघालो.

जर्सी सिटीला मुलीला स्पीकरवर फोन लावला.

"बाबा, आर यू सीरियस? घरात गन आली तर मी मुलांना तिकडे आणणार नाही."

"नाही गं, नुसतं बघत होतो," मी घाईघाईनं म्हणालो.

फोन ठेवल्यावर ही शांतपणे म्हणाली, "घेऊन टाका हो. नव्हतं तेव्हा तरी कुठे आणली तिनं मुलं?"