गुडघा कापायच्या आधी

मी मूळची कुहीकडली, माय-बाप धानाच्या बांधीत राबे, मीबी चिखलात वाकूनच मोठी झाली. नागपुरातल्या धम्मदीक्षेनंतर दोन-तीन सालानं लगन होऊन नागपुरात आली, अन् इतवारीत एका शेठच्या गोदामात धान्य चाळाचं काम धरलं. काय सांगू तुमाले, सकाळपासून दिवाबत्तीपर्यंत उकिडवं बसाचं, हातात चाळणी, नाकात भुसा. वीसेक वर्षं असंच चाललं, मंग चाळिशीत उजवा गुडघा सुजला. उठाले गेली का कटकन वाजे, पायऱ्या त बसून बसून उतरू.

घरवाल्यानं रामदासपेठेत डॉक्टरकडे नेलं. फोटो पाहून डॉक्टर म्हणे, मधातली गादी झिजली, कापून काढता येते. घरवाला म्हणे, काढून टाका साहेब, एकदाचं दुखणं जाईन. मले धास्ती, पाय आखडला त कामावर कोण ठेवंन? म्हटलं, कापल्याबिगर नाही का होत? डॉक्टर रागावला नाही. म्हणे, पावसाळाभर व्यायाम करून पाहा, नाहीच भागलं त मी आहोच.

व्यायाम शिकवणारी बाई मोठी कडक. गुडघ्याखाली टावेलाची गुंडाळी ठेवून दाब म्हणे, पाय सरळ उचलून धर म्हणे, अन् उकिडवं बसणं बंद. शेठ म्हणे, तू वर बसशीन त धान्य काय उडून येईन? मंग मी चाळणी दोरीनं आढ्याले टांगली अन् पोत्यावर बसून हलवाले लागली.

घरी सासू हसे. काहून वं, लेकरासारखी पाय हवेत करून राहिली? आधी त जास्तच दुखलं, रडत घरवाल्याले म्हटलं, चाल, कापूनच घेऊ. तो तयारच होता. तवा सासूच बोलली, थांब वं, काल तू पायऱ्या उभ्यानं उतरली, मी पाह्यलं. मलेच समजलं नव्हतं, पाहा.

मंग नाही गेली कापाले. पुरा बरा झाला असं नाही म्हणत मी, थंडीत ठणकते. माझ्यासंगच्या सखूची गादी फाटलीच होती, तिनं कापून घेतली, तेबी आता चांगली चालते, ज्याचा त्याचा गुडघा. आता सासू नाही. विहारात सारे खाली बसते, मले खुर्ची देते, आधी लाज वाटे, आता नाही वाटत. चालते तवर चालाचं. तुमीबी सुखानं हिंडा-फिरा बाप्पा.