पेट्रोलचा वास नसलेली गाडी

मी मूळचा जासईचा. बाचं मिठागर व्हतं, ते गेलं आनी तिथं कंटेनरचं गोदाम झालं, मी त्याच गोदामात कामाला लागलो, माल उचलायच्या फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या बघायला. आमच्या फोर्कलिफ्टा बॅटरीवर चालायच्या. बॅटरीत पानी घालायचं, चार्जिंगला लावायची, सगळी हयात त्याच्यात गेली. लग्न झाल्यावर पनवेलला खोली घेतली. बायको मंजुळा, नेऱ्याची. तिला माहेरी न्यायला-आनायला एक जुनी व्हॅन घेतली व्हती, पेट्रोलची.

मग तिला फुप्फुसाचा आजार निघाला. काय सांगू तुमाला, पेट्रोल-डिझेलचा नुसता वास आला का तिचा दम कोंडायचा, मग रिक्षा नाय, बस नाय, घरातच बसून रायली. तिची आई नेऱ्याला, म्हातारी, काठीशिवाय चालत नाय, ती इकडं येऊ शकत नाय, ही तिकडं जाऊ शकत नाय. एक दिवस मला बोलली, अवो, एकदा आईकडं न्या मला. येवढंच. कवा काय मागितलं नव्हतं तिनं.

इकबालभायचं पनवेलात ग्यारेज, गल्फमधून आल्यावर टाकलेलं. मी त्याला बोललो, व्हॅनचं इंजिन काडून मोटर बसवायची. तो बोलला, दादा, दिमाग फिरला काय? मग हात पुसले नि बोलला, भाभीसाठी ना, घेऊन ये गाडी. गोदामात फोर्कलिफ्टची एक मोटर भंगारात काडलेली, ती सायबाला इचारून आनली. इंजिन काडलं, टाकी काडली. मोटर जुन्या गिअरबॉक्सला जोडायला लेथवर प्लेट करून घेतली, ती बसंना, परत केली, परत बसंना, तिसऱ्यांदा बसली. बॅटऱ्या सीटखाली नि मागं भरल्या तर गाडी मागून खाली बसली, मग मागच्या स्प्रिंगला जादा पाटे चढवले. आनी इकडं मंजुळा सुकत चाललेली. डॉक्टर बोलले, आता घरीच ठेवा. मला ऐकू आलं, पन आत काय गेलं नाय. मी परत ग्यारेजला गेलो, पाना उचलला.

वास पत्र्यात पन मुरलेला. इकबालभायची बायको जुबेदाभाभी, तिनं साबन नि लिंबू घेऊन आख्खी गाडी आतून घासली.

गाडी चालायला लागली तशी मंजुळाला उचलून तिच्यात बसवली. सवयीनं पदर नाकाला लावून बसली. पनवेल सुटलं, डोंगर दिसायला लागले, तवा तिनं पदर खाली घेतला. बोलली, अवो, वास नाय. मी बोललो, नाय. आई दारातच उभी व्हती. दोघी नुसत्या हात धरून बसल्या, मग आईनं तिला पेज भरवली, लहान पोरीला भरवतात तशी. येताना बॅटरी उतरली, गाडी अगदी मुंगीसारखी चालली, तर ती बोलली, चालू द्या तशीच, मला घाई नाय.

त्याच्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. सगळे रडले, इकबालभाय माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, मी नाय. मानसं पांगली तसा मी उठलो नि बॅटऱ्यांत पानी घातलं. पोरगी खारघरला असते, ती बोलली, बाबा, एकदा रडून घ्या. मी बोललो, येत नाय गं. खरंच येत नाय. आजून पन आलं नाय.

आता रविवारी मी नेऱ्याला जातो. गाडीला आवाज नाय, म्हातारीला कळतच नाय मी आल्याचं, मी अंगनात गाडीतच बसून रातो. कवातरी ती काठी टेकत भायेर येते, इचारते, बापू, कवा आलाव? मी बोलतो, आताच. मग ती भाकरी वाढते, मी खातो. लेकीचं नाव ती काडत नाय, मी पन काडत नाय. देव त्या म्हातारीला ठेवो, मला जायला तेवढंच एक घर हाय.